भाऊंचा बाक

दुर्गा पहाटे सोवळ्यात शिरली तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं. भाऊंच्या वर्षश्राद्धाचा स्वयंपाक होईपर्यंत तिला कोणी शिवायचं नव्हतं, स्वयंपाकघरात कोणी पाऊल टाकायचं नव्हतं. गेला महिनाभर घरातला जो तो तिच्या कानाशी लागत होता, त्यांना आज तरी उंबऱ्याबाहेर थांबावं लागणार होतं. पण उंबऱ्याबाहेर उभं राहूनही माणसाला व्यवस्थित बोलता येतं, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं. तोवर वरणाला उकळी फुटली होती आणि दारात पहिला उमेदवार उभा होता.

उमेदवार म्हणायचं, कारण प्रकरण मताचंच होतं. भाऊ म्हणजे तिचे सासरे. आयुष्यभर त्यांनी लालबागच्या चाळीत फुकट दवाखाना चालवला, आणि जाताना त्याचे तीन विश्वस्त नेमून गेले. थोरला मुलगा रमाकांत, मुलगी कालिंदी, आणि सगळ्यांना तोंडात बोट घालायला लावत तिसरी ही सून, रमाकांतची बायको दुर्गा. लग्न होऊन आल्यापासून या घरात दुर्गाचं मत विचारलं गेलं ते आमटीत मीठ बरोबर आहे का, एवढ्यापुरतं. आता तिच्या एका मतावर भाऊंचा दवाखाना अडला होता. सुताचा एक मोठा व्यापारी त्या जागेवर नर्सिंग होम बांधून द्यायला तयार होता आणि रमाकांतनं त्याला जवळजवळ होकार दिला होता. तिकडे महापालिका दवाखाना आपल्याकडे घ्यायला तयार होती. आणि कालिंदीला शेटजीही नको होते, पालिकाही नको होती. आज श्राद्ध आटोपलं की तिघांनी बसून ठरवायचं होतं. दोघांचं जे एक होईल ते खरं.

पहिला आला रघुवीर, धाकटा दीर. त्याला मत नव्हतं, त्यामुळे मतं भरपूर होती.

“वहिनी, मी कोण सांगणारा म्हणा,” तो चौकटीला टेकून म्हणाला. “पण पालिकेत आता आपली माणसं आहेत. संयुक्त महाराष्ट्र समितीची. मे महिन्यात आपलं राज्य येतंय. आपणच आपल्या राज्यावर भरवसा ठेवायचा नाही, तर मग त्या गोळ्या कशासाठी खाल्ल्या लोकांनी?”

“तुम्ही नाही ना खाल्लीत एखादी?” दुर्गानं आळूची पानं चिरता चिरता विचारलं.

“मी मोर्चात होतो, वहिनी.”

“माहीत आहे. चप्पल हरवून आला होतात.”

रघुवीर हसला आणि गेला. त्याचं एक बरं होतं, त्याला कशाचंच वाईट वाटत नसे. तो बाहेरच्या खोलीत जातो न जातो तोच रमाकांत त्याला सांगू लागला, की नर्सिंग होमच्या हिशेबखात्याला एक विश्वासू माणूस लागेल, तुझ्या जावयाचं काय चाललंय सध्या? ते दुर्गाला आत ऐकू आलं. थोड्या वेळानं भावजी परत येणार, हे तिला कळून चुकलं. आणि आळू शिजायच्या आत तो आलाच.

“तसं पाहिलं तर, वहिनी, नर्सिंग होममध्येही वाईट असं काही नाही.”

“भावजी, तुमची चप्पल सांभाळा,” दुर्गा म्हणाली.

कालिंदी आली ती नऊवारीचा पदर खोचून, लालबागहून बसनं, हातात केळीच्या पानांची सुरळी घेऊन. तिनं लग्न केलं नव्हतं. नर्सिंगचा कोर्स करून ती भाऊंच्या हाताखाली उभी राहिली ती राहिलीच. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत बाप आणि लेक राहत. गेल्या वर्षी बाप गेला, तशी ती एकटीच राहिली. पानं तिनं उंबऱ्याच्या आत सरकवली आणि तिथेच बाहेर पाटावर बसली.

“वहिनी, मी काही बोलणार नाही,” ती म्हणाली.

“मग बरं झालं, वन्सं.”

“पण भाऊंचं नाव पुसलं गेलेलं मला बघवणार नाही. शेटजी स्वतःच्या आईचं नाव देणार. पालिका तर नुसता आकडा लावेल, दवाखाना क्रमांक अमुक. लोक अजून भाऊंचा दवाखाना म्हणतात. बाकाला हात लावून नमस्कार करतात जाताना.”

तो बाक दुर्गाच्या चांगला ओळखीचा होता. सागवानी, लांबलचक, बसून बसून गुळगुळीत झालेला. भाऊंचा नियम असा, की आलेल्यानं बाकाच्या शेवटच्या टोकाला बसायचं आणि सरकत सरकत टेबलापर्यंत यायचं. मिलचा जॉबर-मुकादम असो, नाहीतर झाडूवाला, घरचा असो की दारचा. मधूनच घुसणाऱ्याला भाऊ बघायचेच नाहीत. छप्पन सालच्या जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा त्याच बाकावर जखमींना आडवं केलं होतं. तेव्हा संचारबंदीत रमाकांत बॅग घेऊन दादरहून चालत लालबागला गेला होता आणि बापाच्या शेजारी उभं राहून पोरांच्या जखमा शिवत होता. पण दोघं एकमेकांशी बोलत होते ते फक्त कात्री आणि दोरा यांच्याबद्दल, असं कालिंदीनं नंतर सांगितलं होतं.

“औषधं मिळताहेत का, वन्सं? भाऊ गेल्यापासून?” दुर्गानं विचारलं.

कालिंदीनं जरा थांबून उत्तर दिलं. “भाऊ दहा ठिकाणी शब्द टाकायचे. माझ्या शब्दाला कोण विचारतंय? पण चालवते मी. तू फक्त दादाच्या बाजूनं जाऊ नकोस, एवढंच.” आणि मग हळूच, “तू गेलीस तरी मी समजू शकते, म्हणा. तुझं दुःख मला माहीत आहे.”

दुर्गानं खिरीत वळवळणाऱ्या गव्हल्यांकडे नजर लावली. तिचं दुःख सगळ्यांनाच माहीत होतं. गंमत अशी, की प्रत्येकाला ते आपापल्या सोयीनं माहीत होतं.

हेरंब आला तो चहाचा रिकामा कप घेऊन. तिचा मुलगा. विलायतेतल्या मँचेस्टरच्या इस्पितळात चार वर्षं काढून दिवाळीत परतलेला. अजूनही तो दारात उभा राहताना आधी चौकटीवर टकटक करी, आणि दुर्गाला दर वेळी हसू येई.

“आई, एक सांगू? कंटाळणार नाहीस ना?”

“तू बोल. मी वडे थापते.”

मग त्यानं लंडनमधल्या एका परिषदेची गोष्ट सांगितली. देशोदेशीचे डॉक्टर जमले होते आणि वाद होता हाच, की आजारी माणसाची जबाबदारी कोणाची, त्याची स्वतःची की सरकारची. अमेरिकेचा एक डॉक्टर म्हणाला, फुकट मिळालेल्या औषधाची माणसाला किंमत नसते. त्यावर सिलोनचा एक काळासावळा, बुटका डॉक्टर उठला. आमच्या देशात इस्पितळं सगळ्यांना फुकट आहेत, तो म्हणाला, आणि बाळंतपणात मरणाऱ्या बायका कमी झाल्यात. त्यांना किंमत कळली की नाही ते विचारायला हवं, पण त्यासाठी त्या जिवंत आहेत एवढं नक्की.

“असं म्हणाला?” दुर्गाचे हात थांबले.

“अगदी असंच. आणि आई, घटसर्पाची एकही केस मी तिकडे पाहिली नाही. चार वर्षांत एकसुद्धा नाही. माझ्या वयाचे डॉक्टर मला विचारायचे, घशातला तो पडदा दिसतो तरी कसा? सरकार प्रत्येक पोराला टोचतं. लॉर्डच्या आणि हमालाच्याही.”

हे बोलताना तो आईकडे बघत नव्हता. घटसर्प हा शब्द या घरात कोणी उच्चारत नसे.

दुर्गानं वडा तेलात सोडला. “म्हणजे तुझं म्हणणं, पालिकेला द्यावा.”

“हो.”

“आणि पालिकेचा झाला तर तिथे तू बसशील?”

हेरंबनं कप या हातातून त्या हातात घेतला. मँचेस्टरहून त्याला परत बोलावणं आलं होतं, हे तिला ठाऊक होतं आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. “बघू,” तो म्हणाला, आणि कप तसाच घेऊन गेला.

शेवटी आला रमाकांत. ब्राह्मण यायची वेळ झाली होती. पीतांबर नेसलेला, अंग उघडं, कपाळावर गंध. इतक्या वर्षांत तो स्वयंपाकघराच्या दारात असा कधी उभा राहिला नव्हता. दादरमध्ये त्याचं नाव होतं. खाली तळमजल्यावर दवाखाना, त्यात फ्रिज, बसायला वेताच्या खुर्च्या. माणूस वाईट नव्हता, रोग्याजवळ रात्र काढणारा होता. पण बापाचं नाव निघालं की त्याचा चेहरा बंद होई.

“अगं,” तो म्हणाला, आणि थांबला.

“काय हवंय?”

“काही नको. तुझ्याशी बोलायचं होतं. शेटजी लिहून द्यायला तयार आहेत, की दुपारनंतर गरिबांना फुकट बघायचं. मागच्या दारानं येतील. सकाळी पैसे देणारे, दुपारी फुकटचे. त्या सकाळच्या पैशावर दुपार चालेल. यात कोणाचं काय बिघडलं? ऑक्सिजन असेल, ऑपरेशनची खोली असेल. लालबागमध्ये असं काही आहे आज?”

“नाही.”

“मग?”

दुर्गानं पुढचा वडा तेलात सोडला. तो आणखी एक पाऊल पुढे आला, उंबऱ्याला त्याचं बोट लागलं. “शैलासाठी तरी,” तो म्हणाला. “तिथे तेव्हा असं काही असतं, तर शैला आज आपल्यात असती.”

वडा तेलात लाल झाला, मग काळा झाला. दुर्गानं तो काढला नाही. पोर गेल्यापासून या माणसानं तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. तिच्या वाढदिवसाला नाही, तिच्या तिथीला नाही. दुर्गानं किती वेळा वाट पाहिली होती. रात्री दिवा मालवल्यावर, एखाद्या लग्नात तिच्या वयाची मुलगी दिसल्यावर. एकदा नुसतं शैला म्हणा, असं ती मनातल्या मनात म्हणायची. आणि आज त्यानं ते नाव घेतलं, ते एका मतासाठी.

“ब्राह्मण आले वाटतं,” ती म्हणाली. “पानं मांडायला सांगा.”

आपलं काय चुकलं ते रमाकांतला उमगलं असावं, कारण तो लगेच वळला नाही.

शैला गेली ते दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. तेव्हा सगळे लालबागलाच राहत. रमाकांत मुंबईबाहेर होता. पाच वर्षांची शैला रात्रीपासून तापली होती, गिळता येत नव्हतं. मागच्या खोलीतून आतल्या दारानं भाऊंच्या टेबलाशी जाता आलं असतं, पण सुनेनं नियम मोडावा हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती पोरीला मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला बसली. तिच्या पुढेच घोडपदेवची सुंदराबाई होती, मिलमधल्या कोंडीरामाची बायको, मांडीवर तिची बकुळा. दोघी सरकत सरकत पुढे गेल्या. घटसर्पाचं सीरम बाजारातून नाहीसं झालं होतं, भाऊंकडे एकच सुई शिल्लक होती. त्यांनी ती बकुळाला टोचली, हात धुतले, पुढचा म्हणून मान वर केली, तर पुढे त्यांची सून होती.

मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत उशीर झाला. वर्षाच्या आत रमाकांतनं दादरला बिऱ्हाड केलं. भाऊंना त्यानं कधी क्षमा केली नाही आणि भाऊंनी ती कधी मागितली नाही. दुर्गा मात्र सणावारी लालबागला जात राहिली, सासऱ्यांना पुरणपोळी वाढत राहिली. तिच्या मनात काय होतं, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. आणि मरताना म्हाताऱ्यानं तिला विश्वस्त करून ठेवलं. ते प्रायश्चित्त होतं की विश्वास होता, हे तिला अजून कळलं नव्हतं.

श्राद्ध रीतसर झालं. गच्चीवर ठेवलेल्या पानाला कावळ्यांची एकच झुंबड उडाली, तेव्हा रघुवीर म्हणाला, भाऊ असते तर सगळ्यांना रांगेत बसवलं असतं. कालिंदीसुद्धा हसली. ब्राह्मण दक्षिणा घेऊन गेले आणि घरची पंगत बसली. पहिल्या वाढपालाच हेरंबनं सिलोनच्या डॉक्टरची गोष्ट काढली. रमाकांतनं ती शांतपणे ऐकून घेतली.

“इंग्लंडनं दोनशे वर्षं आपल्याकडून नेलं,” तो म्हणाला, “त्यावर त्यांनी फुकट इस्पितळं काढली. आपण काढायची म्हणजे कोणाला लुटायचं, ते सांग.”

“कोणाला लुटायला नको, अण्णा. थोडं थोडं सगळ्यांनी द्यायचं.”

“सगळे म्हणजे मी आणि माझे पेशंट. बाकीचे घेणार. आणि चालवणार कोण, तर पालिकेचा कारकून. औषधाची बाटली मागितली तर तीन सह्या. मी पालिकेच्या इस्पितळात नोकरी केली आहे, तू नाही.”

“दादाचं यात खरं आहे,” कालिंदी म्हणाली.

रमाकांतनं चमकून बहिणीकडे पाहिलं. दोघं एका बाजूला असण्याची त्याला सवय नव्हती.

“पण म्हणून मागचं दार नको,” तिनं लगेच पुढे म्हटलं. “भाऊंच्या रोग्यांना मागच्या दारानं घेणार तुझा तो शेटजी. आमच्याकडे एकच दार आहे आणि एकच बाक.”

“एकच बाक,” रमाकांत म्हणाला. त्यानं भातावरचा हात थांबवला. “त्या बाकाचं कौतुक मला नको सांगूस.”

दुर्गा खीर वाढत होती. तिनं नवऱ्याच्या वाटीत खीर घातली, मग नणंदेच्या वाटीत, आणि दोघांनीही तिच्याकडे असं पाहिलं, जणू कोणाची वाटी आधी भरली यावरच निकाल लागणार होता.

जेवणं झाली. दुर्गा सोवळं सोडून साधं पातळ नेसून बाहेर आली, तर सगळे तिच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवून बसले होते. तीही वेताची, हातांची. तिला त्या खुर्चीत बसायचा संकोच वाटला, पण ती बसली.

“दादाचं नर्सिंग होम,” रघुवीरनं सभा सुरू केल्यासारखं म्हटलं. “कालिंदीचं, आहे तसंच. राहिली वहिनी.”

दुर्गा तोंड उघडणार, तेवढ्यात दारावर थाप पडली.

बकुळा होती. पांढरं पातळ, काखेत चारेक महिन्यांची पोर, हातात चाफ्याची फुलं. आता ती घोडपदेवला पालिकेच्या शाळेत मास्तरीण होती. धम्मदीक्षा घेतल्यापासून श्राद्धबिद्ध तिच्या घरी कोणी करत नसे, पण भाऊंच्या दिवशी ती येणार हे कालिंदीला माहीत होतं.

“आमच्यात हे करत नाहीत,” ती दारातच म्हणाली, “पण भाऊंच्या फोटोला फुलं वाहायची होती. चालेल ना?”

“न चालायला काय झालं? ये आत,” कालिंदी म्हणाली. मोर्चात समतेच्या घोषणा देऊन घसा बसवून घेणाऱ्या रघुवीरनं पाण्याचा तांब्या उगाचच उचलून आत नेऊन ठेवला. रमाकांत खिडकीबाहेर बघू लागला.

आजवर बकुळा आली की दुर्गाला आत काहीतरी काम निघे. ती तिचं वाईट चिंतत नव्हती. पण बकुळाला पाहिलं की तिच्याच उंचीची आणखी एक मुलगी तिच्या शेजारी उभी राहायची, परकर नेसलेली, मग कॉलेजात जाणारी, मग बहुधा लग्न झालेली. ते तिला सोसत नसे. आज मात्र तिला खुर्चीतून उठून आत जाता येईना, सगळ्यांनी तिला तिथे बसवलं होतं. तिनं बकुळाकडे पाहिलं. गळ्याशी काळी पोत, चेहरा आईचा, सुंदराबाईचा. काखेतल्या पोरीनं तोंडात मूठ घातली होती.

“मुलगी का?” दुर्गानं विचारलं.

“हो, बाई.”

मग काय विचारावं ते दुर्गाला सुचेना. सकाळचं हेरंबचं बोलणं मनात होतं, तेच तोंडातून आलं. “टोचलंस का हिला? ते घटसर्पाचं असतं ते?”

बकुळालाही तो शब्द कोणाच्या तोंडून आला ते कळलं, कारण तिच्या आईनं तिला सगळं सांगितलेलं होतं. तिनं पोरीला छातीशी घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, “नाही, बाई. दोनदा जाऊन आले दवाखान्यात. संपलंय.”

“येईल पुढल्या आठवड्यात,” कालिंदी घाईनं म्हणाली. “एका देणगीवाल्यानं शब्द दिलाय. भाऊ असते तर आतापर्यंत आलं असतं. मी दोनदा गेले त्यांच्याकडे, साहेब भेटले नाहीत.”

दुर्गानं नवऱ्याकडे वळून विचारलं, “तुमच्याकडे आहे ना खाली? फ्रिजमध्ये?”

“आहे,” रमाकांत म्हणाला.

“पुष्कळ?”

“पुष्कळ.”

बाहेर रस्त्यावरून ट्राम खडखडत गेली. दुर्गा खुर्चीत सरळ होऊन बसली.

“तुम्ही दोघं बहीणभाऊ इतकी वर्षं भांडताय,” ती म्हणाली, “की ती सुई कोणाला द्यायला हवी होती. भाऊंचं बरोबर की चूक. नंबर कोणाचा होता, नात कोणाची होती. बाकावर मी बसले होते. मला विचारलं नाही कोणी. विचारलं असतं तर मी एवढंच म्हटलं असतं, की सुई एकच का होती?”

“लढाई चालू होती, वहिनी,” रघुवीर म्हणाला.

“आज कुठं लढाई आहे, भावजी?”

कालिंदीनं डोळ्यांना पदर लावला.

“दवाखाना पालिकेला द्यायचा,” दुर्गा म्हणाली. “माझं मत ते.”

“तिथे सुया असतील, हे तुला कोणी सांगितलं?” रमाकांतचा आवाज चढला नव्हता. तो खरंच विचारत होता. “सह्या असतील, रांगा असतील, आणि खिडकीवर हेच ऐकायला मिळेल, संपलंय.”

“असेल. पण तिथे जाऊन विचारता तरी येईल, की का संपलं. भांडता येईल. भाऊंना मी काय विचारणार होते? ते धर्म करत होते. धर्म करणाऱ्यापुढे माणूस हात पसरतो, त्याला जाब कसा विचारणार? आणि उद्या शेटजींच्या मागच्या दारात उभी राहून ही बकुळा त्यांना काय विचारेल?” इतकं ती या घरात एका दमात कधी बोलली नव्हती. “माझी शैला कोणाच्या वाईटपणानं नव्हती गेली. पण कोणाची जबाबदारीही नव्हती ती. म्हणून गेली.”

रमाकांतनं मान खाली घातली. त्याचे खांदे एकदा हलले. हेरंब उठून बापाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. त्याला हात लावावा की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

“वन्सं, नाव जाईल भाऊंचं,” दुर्गा म्हणाली. “मला वाईट वाटतं. पण तुम्ही एकटीनं किती दारं झिजवणार?”

कालिंदीनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. बकुळानं वाहिलेला चाफा चौकटीवर तिरका बसला होता. तो तिनं उठून सरळ केला आणि तिकडेच तोंड करून म्हणाली, “वहिनी म्हणते तसं होऊ दे. पण बाक राहिला पाहिजे. तसं कबूल करून घ्या त्यांच्याकडून.”

“ते मी बघतो,” रघुवीर म्हणाला. “आपली माणसं आहेत तिथे.” या खेपेला त्याचं मत जावयाला महाग पडणार होतं, पण ते त्याच्या लक्षात यायला संध्याकाळ व्हावी लागणार होती.

रमाकांत उठला. जिन्यावर त्याची पावलं खाली जाताना ऐकू आली. तो रागावून गेला असं सगळ्यांना वाटलं, दुर्गालाही. जिंकल्यासारखं तिला मुळीच वाटत नव्हतं. ज्या माणसानं सकाळी इतक्या वर्षांनी शैलाचं नाव घेतलं, त्याला तिनं दुपारी चारचौघांत एकटं पाडलं होतं.

मग तो परत वर आला. हातात स्पिरिटचा दिवा, स्टीलची डबी, आणि रुमालात गुंडाळलेली एक छोटी बाटली. टेबलावर त्यानं दिवा पेटवला आणि डबीतल्या पाण्यात काचेची सिरिंज उकळायला ठेवली. खिरीच्या वेलदोड्याच्या वासात स्पिरिटचा वास मिसळला. कालिंदी सवयीनं पुढे झाली, भावाच्या शेजारी उभी राहिली आणि त्यानं न मागता कापूस त्याच्या हातात ठेवला.

“मांडीवर घट्ट धर तिला,” तो बकुळाला म्हणाला. तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

पोरीनं आधी आश्चर्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि मग घर डोक्यावर घेतलं. सुई निघाली तरी रमाकांतचा अंगठा कापसावर तसाच दाबलेला होता, लागतो त्याहून बराच जास्त वेळ.

“रडू दे,” तो म्हणाला. “ताप येईल थोडा रात्री. घाबरू नकोस. दुसरं महिन्यानं द्यायचं.”

“कुठं आणू, डॉक्टर? इथे खाली?”

रमाकांतनं सिरिंज पुसली, डबीत ठेवली, झाकण लावलं. ते नीट बसलंय की नाही हे पुन्हा एकदा पाहिलं.

“इथे नको. लालबागला आण. बाकावर बस, नंबर येईल.”

“आणि संपलंय म्हणाले तर?”

तेव्हा कुठे त्यानं बायकोकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल होते.

“तर बाईंना बरोबर घेऊन जा,” तो म्हणाला. “त्या विचारतील.”

पोर अजून हुंदके देत होती. दुर्गानं दोन्ही हात पुढे केले. बकुळानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि पोरीला तिच्या मांडीवर दिलं. दुर्गानं तिच्या हनुवटीखाली बोट घालून गळ्यातली ओली झालेली झबल्याची गाठ सैल केली, आणि पोर गप्प होईपर्यंत तिला तशीच धरून बसली.